ट्रे कुणी आणायचा

ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर, आमच्या बिल्डिंगपासून चालत जाता येईल इतक्या जवळ, एक कॉफीचं दुकान आहे. पाटीवर कॅफे लिहिलंय, पण मी दुकानच म्हणते. सुरुवातीला ते खरोखर दुकानच होतं. मोजकी टेबलं, कोपऱ्यात कुरकुरणारा पंखा आणि एका कॉफीवर कितीही वेळ बसलं तरी तोंड वाकडं न करणारा मालक. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांनी घातलेले घोळ निस्तरून झाले की शनिवारी सकाळी मी तिथे जाऊन बसायची. त्या वेळात घरी बाबांचा व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्या असेपर्यंत मी मोकळी. अख्ख्या आठवड्यात तेवढाच वेळ माझ्याकडे कुणी काही मागत नसे.

ते दुकान लोकांनी माझ्याकडून हिसकावून घेतलं. तलवारी घेऊन आले नाहीत, बायोडेटा घेऊन आले.

कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं कोण जाणे, पण मुलगी बघायला ही जागा उत्तम आहे असं आमच्या भागात ठरून गेलं. घर आवरायला नको, सोसायटीतल्या लोकांना कळायला नको, आणि नाही पटलं तर पंधरा मिनिटांत उठून जाता येतं. शिवाय आपण किती पुढारलेले, मुलामुलीला एकटं बोलू देतो, हेही मिरवता येतं. बघता बघता शनिवार-रविवार त्या दुकानात नवीन कुर्ते आणि ताज्या इस्त्रीचे शर्ट दिसायला लागले. मालकाने धंदा ओळखला. पंखा जाऊन एसी आला, भिंतीला प्लॅस्टिकची वेल आली, आणि खिडकीजवळचं माझं टेबल शनिवारी सकाळी राखीव असल्याचा बोर्ड त्यावर उभा राहिला. मी तो बोर्ड उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला आणि बसले. मालकाने चालवून घेतलं. त्याला माझा चेहरा माहीत होता.

पण मला खरा संताप आणला तो ट्रेने. दुकानात वेटर नाही. काउंटरवर पैसे भरले की हातात एक काळी चकती देतात. ऑर्डर तयार झाली की चकतीवर लाल दिवे लागतात आणि ती टेबलावर थरथरायला लागते. मग आपण उठायचं आणि काउंटरवरून ट्रे घेऊन यायचा. मी कित्येक शनिवार हे पाहिलंय. चकती थरथरते, मुलगा आणि मुलगी दोघं तिच्याकडे बघतात, एक क्षण कुणीच हलत नाही, आणि मग मुलगी उठते. इंजिनीअर मुलगी उठते, सीए मुलगी उठते. तोल सांभाळत, ओढणी सावरत, कोल्ड कॉफीचे उंच ग्लास घेऊन येते आणि मुलगा फोन बाजूला ठेवून म्हणतो, अरे, मी आणलं असतं ना. कांदेपोहे गेले, घरची बैठक गेली, ट्रे मात्र होता तिथेच आहे. आणि हे बघायला तिसरं माणूस हजर असतंच. मुलाची मावशी, काकू नाहीतर आत्या. तिने ओळख दाखवायची नाही, लांबच्या टेबलावर बसायचं आणि मुलगी कशी चालते, कशी खाते, काउंटरवरच्या पोरांशी कशी बोलते ते बघून घरी रिपोर्ट द्यायचा, असं ठरलेलं असतं. हे माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही. ते पाण्याची बाटली घरून आणतं आणि कॉफी गार होईपर्यंत तिला हात लावत नाही.

तर त्याच दुकानात माझाही कार्यक्रम ठरला. मला कुणी विचारलं नाही. माझ्या काकूने वधूवर मंडळात माझं नाव घातलं, काकूनेच जागा आणि वेळ ठरवली, आणि मला सांगताना म्हणाली की तुला सोयीची म्हणून ती निवडली.

माझं वय पस्तिशीच्या पुढे आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्यालाही आता काळ लोटला. उजवी बाजू कमजोर आहे, काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात, बोलणं जड झालंय. एके काळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माईकची गरज नसलेला माणूस आता एक वाक्य तीन तुकड्यांत बोलतो, आणि लोक दुसऱ्या तुकड्यालाच मान डोलावून मोकळे होतात. मला त्या लोकांचाही राग येतो. लग्नाला माझी ना नव्हती. माझी एकच अट होती आणि ती मी बायोडेटावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिली होती: लग्नानंतर वडील माझ्याबरोबर राहतील. त्या ओळीने आलेली स्थळं तिथूनच परत जायची. हे पहिलं स्थळ, ज्यांनी ती वाचून होकार दिला होता. अट मान्य आहे, भेटू या, असा निरोप आला, तेव्हा मला जरा आशा वाटली होती हे कबूल करते. काकू तर पेढे आणायला निघाली होती.

त्या शनिवारी मी मुद्दाम लवकर गेले. आपल्या जागी, आपल्या ऑफिसच्या कुर्त्यात, चष्मा लावून बसून राहायचं, म्हणजे आलेल्या माणसाला जे आहे ते दिसेल, असा माझा विचार होता. दुकान भरलेलं होतं. थोड्या वेळाने एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. साठीच्या असतील. नेसलेली साडी चांगली, खांद्याला मोठी पर्स, पर्समधून डोकावणारी पाण्याची बाटली. इथे कुणी बसलंय का, म्हणून त्यांनी विचारलं. माझ्या कार्यक्रमाला अजून वेळ होता. मी बसा म्हटलं.

त्या कल्याणहून आल्या होत्या आणि असल्या दुकानात पहिल्यांदाच. मेनू फोनवर बघायचा असतो हे ऐकून त्या हवालदिल झाल्या. मीच त्यांची कॉफी सांगून आले, माझीही सांगितली, आणि चकती आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. एवढ्यावर त्यांना मी घरची वाटायला लागले. आपल्याकडच्या बायकांचं हे असंच असतं. दहा मिनिटांच्या ओळखीवर त्या आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनपासून सुनेच्या माहेरापर्यंत सगळं सांगून टाकतात. या बाई मात्र आधी कामाचं बोलल्या. माझ्याकडे वाकून, आवाज खाली करून त्यांनी सांगितलं की त्यांच्या भाच्याचा आज इथे मुलगी बघण्याचा कार्यक्रम आहे, त्या मुलाच्या आत्या, आणि लांबून बघायला त्यांना पाठवलंय. मुलगी अजून आलेली दिसत नाही, फोटोत साडीत आहे, गोरटेली, केस मोकळे.

तो फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला होता. मेकअप करणारीने माझा रंग ठरवला होता आणि केसही तिचेच म्हणायचे.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मी नाही सांगितलं. इतके शनिवार ही माणसं लांबून बघताना मी पाहिली होती. एकदा जवळून ऐकायला मिळत होतं, तर मी ऐकणार होते. मी विचारलं, मुलीची काही अट वगैरे आहे का?

"आहे ना. बापाला बरोबर आणणार म्हणते," आत्या म्हणाल्या. "पण त्याचं काही नाही गं. तिच्या बापानेच फोन केलेला आमच्याकडे. बिचाऱ्यांना धड बोलता येत नाही, स्पीकरवर टाकला तरी निम्मं कळेना. म्हणाले, आत्ता तिला हो म्हणा. मी आंबिवलीच्या वृद्धाश्रमात नाव घातलंय, लग्न झालं की मी आपणहून जाईन. तिला आत्ता सांगू नका, नाहीतर ती लग्नच करणार नाही."

त्या आणखीही बोलत होत्या. बाप किती समजूतदार, आमची वहिनी तर फोन ठेवल्यावर रडली, अशी माणसं हल्ली कुठे मिळतात. मी टेबलाची कड धरून बसले होते. आपल्या बाबतीत चार घरांत बोलणी होतात, ठरतं, रडूनही होतं, आणि आपण मात्र बायोडेटावर ठळक अक्षरांत एक ओळ लिहून खुशाल बसलेलो असतो, हे समजल्यावर माणसाचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. माझे कान तापले. राग त्या बाईंवर नव्हता, त्या तर पढवलेलं काम करायला आल्या होत्या. पण होकार देणाऱ्या त्या घरावर, आणि त्याहून जास्त गॅलरीतल्या खुर्चीत निरागस चेहऱ्याने बसलेल्या माझ्या बापावर मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. एसीमुळे होतं का गं असं, म्हणून आत्यांनी विचारलं.

तेवढ्यात मुलगा आला. आत्या भुवया उडवून त्याला खुणा करायला लागल्या, मी तुला ओळखत नाही, तू तिकडे बस, मुलगी यायचीय. तो गोंधळून आमच्याकडेच आला. त्याने मंडळाच्या ग्रुपवरचा माझा दुसरा, चष्म्यातला फोटो पाहिला असावा.

"आत्या, तुमची ओळख झाली पण?" तो म्हणाला.

आत्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडचा रंग उतरला आणि त्यांनी पर्स उराशी धरली.  मी मुलाला बसायला सांगितलं आणि विचारलं, माझी अट वाचलीत ना, तुम्हाला मनापासून मान्य आहे का? त्याला अजून वेळ होता. तो खरं बोलू शकला असता. मी त्याला तशी पूर्ण संधी दिली, गप्प बसून वाट पाहिली. त्याने एकदा आत्याकडे पाहिलं. आत्या खाली बघत होत्या.

"हो, एकदम मान्य," तो म्हणाला. "बाबांना आपण दोघं मिळून सांभाळू."

आणि चकती थरथरली. लाल दिवे लागले. मुलाने चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि थांबला. आत्तापर्यंत मी दुसऱ्यांच्या टेबलावर बघितलेला तो क्षण माझ्या टेबलावर आला होता. एवढं धडधडीत खोटं बोलूनही तो मी उठायची वाट बघत होता. मी उठले. पर्स खांद्याला लावली आणि चकती त्याच्यापुढे सरकवली.

"तुमच्या आत्यांची कॉफी आहे," मी म्हटलं. "घेऊन या."

बाहेर पडताना आत्या मागून काही म्हणाल्या. मी ऐकायला थांबले नाही.

घरी पोचले तेव्हा व्यायामवाल्या बाई निघत होत्या. मी चप्पल न काढता गॅलरीत गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. मी विचारलं, त्यांना फोन केलात? त्यांनी हो म्हणून मान हलवली. आंबिवलीला नाव घातलंत? पुन्हा मान हलवली. मग मी जे बोलायला लागले ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं असणार. मी किती वर्षं काय काय केलं ते सगळं काढलं. जे कधी काढायचं नाही असं ठरवलं होतं, तेही काढलं. सगळे मिळून मला फसवायला निघालेत आणि त्यांचे पुढारी तुम्ही, असं म्हणाले.

"ती अट माझी होती, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही कोण ती मोडणारे? मला कुणी काही विचारायचं की नाही?"

बाबा माझं संपायची वाट बघत होते. बोलणं जड झाल्यापासून ते मध्ये तोंड घालत नाहीत, त्यांना जमत नाही. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी डावा हात वर केला.

"अट लिहिताना," ते म्हणाले, आणि बराच वेळ पुढचा शब्द जुळवत राहिले. "मला. विचारलंस?"

मला समजलं होतं, तरी मी 'काय?' असं विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग तुकड्यातुकड्यांनी, घाम पुसत, आणखी सांगितलं. परक्या घराच्या हॉलमध्ये बसायचं. चहा कुणी आणून देईल त्याची वाट बघायची. कसा जेवतो, कसा सांडतो. "रोज बघतील," बाबा म्हणाले. "मला."

ते ऐकून मी आणखी चिडले. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. काकूचा फोन आला तो घेतला नाही. पोळ्या करताना तवा इतका तापवला की पहिली पोळी काळी झाली. ती मीच खाल्ली. आमच्या घरात रागावलेल्या माणसाने जळकी पोळी खायची असते, आईपासूनची पद्धत आहे. बाबांनी ते पाहिलं. जेवताना त्यांच्या हातातून आमटी सांडली आणि मी पुसायला पुढे झाले, तर त्यांनी फडकं माझ्या हातातून ओढून घेतलं. तेही चिडलेले होते. हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. आजारी माणसाला राग येत नसतो असं आपण धरून चालतो.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. आंबिवलीचं नाव काढून टाका म्हटलं.

"आधी विचार," बाबा म्हणाले.

मग विचारलं. सरळ, अट न घालता, लग्न होवो न होवो, माझ्याबरोबर राहाल का? मला वाटलं होतं ते लगेच हो म्हणतील, डोळे पुसतील, आणि विषय संपेल. त्यांनी खिडकीबाहेर बघत भरपूर वेळ घेतला.

"बघून कळवतो," ते म्हणाले.

मुलाकडचे लोक दुकानातून उठताना नेमकं हेच म्हणतात. मी किती वेळा शेजारच्या टेबलावरून ऐकलंय. माझा पारा पुन्हा चढला, पण बाबांचा चेहरा इतका गंभीर होता की मी तो गिळला. हा माणूस मला बघणार होता. मग स्वतःचं ठरवणार होता. आणि मला थांबावं लागणार होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले की तू दर शनिवारी कुठल्या दुकानात जातेस ते मला बघायचंय.

तो आठवडा वाईट गेला. ऑफिसात मी दोघांशी भांडले. काकूला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, एवढी चांगली माणसं, थोडं समजून घेतलं असतंस. तिच्याशी अजून बोलत नाही. आंबिवलीच्या लोकांचा एकदा फोन आला, तो बाबांनी स्वतः घेतला, हॉलचं दार लोटून. काय बोलले ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

शनिवारी व्यायामवाल्या बाईंना सुट्टी सांगितली आणि आम्ही रिक्षाने दुकानात गेलो. मालक पायऱ्यांपर्यंत आला आणि राखीवचा बोर्ड त्याने स्वतःच उचलला. दुकान नेहमीप्रमाणे भरलेलं. नवीन कुर्ते, ताज्या इस्त्रीचे शर्ट, आणि भिंतीशी पाण्याची बाटली घेतलेली एक मावशी. बाबांनी सगळं नीट पाहून घेतलं. मी दोन कॉफी सांगून आले आणि चकती टेबलावर ठेवली.

चकती थरथरली तशी मी उठले. बाबांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"बस," ते म्हणाले.

काठी खुर्चीला अडकवून ते निघाले. काठी आणि कप दोन्ही एका हातात धरता येत नाही, म्हणून काठी सोडली होती. उजवं कोपर खुर्च्यांच्या पाठींना टेकवत, पाय ओढत ते काउंटरपर्यंत गेले. सगळं दुकान बघायला लागलं. बोलणी थांबली. भिंतीशी बसलेली मावशी मदतीला उठली, तिला मी बसा म्हटलं, जरा जोरातच म्हटलं. काउंटरवरचा पोरगा ट्रे घेऊन यायला निघाला होता, त्यालाही बाबांनी मानेने नको म्हटलं. त्यांनी ट्रे घेतलाच नाही. एक कप बशीसकट उचलला आणि परत फिरले. कॉफी बशीत सांडत होती, शर्टाच्या बाहीवर सांडत होती. मला त्या सगळ्या बघणाऱ्यांचा, त्या कपाचा, आणि बाबांचा एवढा राग आला की तसा आयुष्यात कधी आला नव्हता, आणि मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिले.

त्यांनी अर्धा कप माझ्यासमोर ठेवला. श्वास घेतला.

"राहतो," बाबा म्हणाले, आणि दुसरा कप आणायला वळले.